रात्रीत उतरणारी बॅटरी

बल्ब लागत नव्हता, आणि तो लागावा म्हणून मी तात्यांच्या शेडमध्ये उकिडवा बसून मनातल्या मनात ग्रामदैवत रवळनाथाला नारळ बोलत होतो.

"काय गा वसंता," तात्या मागून म्हणाले, "काय म्हणतोय तुझा दिवा?"

"काही म्हणत न्हाई. लागंनाच झालाय."

"मग ते बरं की वाईट?"

"गाडीला बरं, तात्या. मला वाईट."

बॅटरी आपोआप उतरत असेल तर आम्ही वायरमन लोक एक साधी युक्ती करतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि मध्ये एक छोटा बल्ब धरायचा. गाडी बंद असतानाही कुठून तरी करंट चोरीला जात असेल, तर तो बल्ब पेटतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या वाटेवर चोर. दहातल्या नऊ गाड्यांचा चोर अर्ध्या तासात हाती लागतो. तात्यांच्या गाडीत मात्र चोरच नव्हता, आणि बॅटरी तर रोज सकाळी मेलेली असायची.

तात्या म्हणजे रवळनाथ देसाई. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली निम्मी वर्षं आंबोलीच्या घाटात गेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा आलं नाही. बिनअपघाती सेवेचा बिल्ला त्यांच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीतच टांगलेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी मोटार घेतली. ती ते कधी भाड्याने देत नसत. आमच्या आजऱ्यातली कुठलीही पोरगी लग्न होऊन सासरी निघाली, की तिला पोचवायची गाडी तात्यांची. शेजारच्या सीटवर पाठराखीण म्हणून त्यांची बायको, आमच्या काकी, मागे नवरा-नवरी. बदल्यात टॉवेल, टोपी आणि नारळ. तात्यांनी पोचवलेल्या पोरीचा संसार मोडत नाही, असं बायका म्हणायच्या. तेवीस पोरी पोचवून झाल्या होत्या. चोविसावी माझी बहीण शैला, आणि तिच्या लग्नाला दहा दिवस उरले होते.

आमचे वडील जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आईने लग्नात कसलाच हट्ट धरला नव्हता. मांडव लहान चालेल म्हणाली, वाजंत्री नको म्हणाली. फक्त एवढंच म्हणाली, "पोरगी तात्यांच्या गाडीतनं जाऊ दे. मग मी सुखानं झोपीन." स्थळ सावंतवाडीकडचं, म्हणजे वाटेत आंबोलीचा घाट. त्यामुळे ती गाडी दुरुस्त करणं हे माझं दुकानाचं काम राहिलं नव्हतं, घरचं कार्य झालं होतं.

"लिही," म्हणत तात्यांनी वही पुढे केली.

ही वही म्हणजे एक प्रकरणच होतं. तात्या जुन्या शिस्तीतले. ड्रायव्हरनं बोनेटला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. दोष वहीत लिहायचा, खाली सही करायची. मेकॅनिकने दुरुस्ती करून शेजारच्या रकान्यात सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय गाडी रूटवर सोडायची नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी स्वतःच्या गाडीसाठी त्यांनी रूळ मारून, रकाने आखून वही केली होती, आणि सहीखाली बिल्ला नंबरही घालायचे. गावात याची सगळे चेष्टा करायचे, तोंडावर मात्र कुणी नाही.

त्या दिवशीच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: बॅटरी रात्रीत उतरते. सकाळी स्टार्ट नाही.

"अजून दोष सापडला न्हाई, तात्या. सही कशाची करू?"

"मग नको करूस," ते म्हणाले. "खोटी सही करू नये."

काकी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "जुनी गाडी हाय रे. तिच्या मागं किती लागायचं? लग्नाला दुसरी बघा की एखादी."

तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकी बशी घेऊन मुकाट्याने आत गेल्या.

मी गाडीवर कव्हर घालायला लागलो. ते काकींनी स्वतः शिवलेलं होतं, जुन्या चादरींचं, गोधडीसारखं जाड. पुढच्या बाजूला त्यावर दोन गोल पिवळट डाग दिसले. उन्हाचे असतील असं मला वाटलं. शेडमध्ये ऊन येत नाही आणि गाडीचं तोंड भिंतीकडे असतं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. माणूस वायरी बघायला बसला की वायरीच बघतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातली नवी बॅटरी त्यांच्या गाडीला लावली. सकाळी तीही मेलेली. मग गाडीच आणून दोन रात्री दुकानापुढे उभी केली. दोन्ही सकाळी एका सेल्फात सुरू. परत तात्यांच्या शेडमध्ये गेली, की बॅटरी उतरली.

स्टँडावरच्या रिकामटेकड्यांना विषय मिळाला. कुणी म्हणालं लिंबू-मिरची बांध, कुणी म्हणालं शेडच्या जागेला दोष आहे. एकाने तर, गाडीला माझ्या दुकानाचा लळा लागलाय, असंही सांगून टाकलं. मी हसण्यावारी नेलं, पण मनात दिवस मोजत होतो. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

शेवटी मी अक्कल चालवली. चोर सापडत नसेल तर तिजोरीलाच कुलूप घालावं. ट्रकला असतो तसला मेन स्विच आणला आणि बॅटरीच्या वायरीत बसवला. त्याची किल्ली फिरवून काढून घेतली की सगळ्या गाडीचा करंट बंद. मग आत भूत बसलेलं असलं तरी त्याला बॅटरी खाता येणार नाही.

तात्या जाम खूश झाले. किल्ली त्यांनी थेट कमरेच्या करगोट्याला बांधली.

"आता किल्ली माझी माझ्यापाशी," म्हणाले.

पुढच्या सकाळी गाडी एका सेल्फात सुरू झाली. त्याच्या पुढच्या सकाळीही. तात्यांनी वहीत सही केली, मी शेजारी सही केली, आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. "बापाचं नाव काढलंस," म्हणाले. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी काकी दुकानात आल्या. मी मांडवाच्या लायटिंगची वायर गुंडाळत होतो. काकींच्या काखेत गाडीचं कव्हर होतं.

"शेजारच्या शिंप्याकडं आले हुते," त्या म्हणाल्या. "ठिगळ लावायचं हाय. म्हटलं, तुला आधी दावावं."

त्यांनी कव्हर माझ्या टेबलावर पसरलं. ते दोन डाग मी आता उजेडात पाहिले. कापड पिवळं पडून कडक झालेलं, मधोमध तर करपलेलं. दोन्हींमधलं अंतर मी न मोजताच ओळखलं. असल्या गाड्यांचे हेडलाइट मी रोज उघडतो.

"काकी," मी विचारलं, "रात्री दिवे कोण लावतं?"

"मी."

त्या अगदी सरळ म्हणाल्या.

"हे धाच्या आत झोपतात. मग जाऊन बटण दाबते. चारला नळाचं पाणी येतं, तवा उठते आन बंद करते. तवर दिवे पार बारीक झालेले असतात." त्या कव्हराच्या घड्या घालायला लागल्या. "आता तू ती किल्ली बसवलीस. बटण दाबून बघितलं. लागत न्हाई."

"पण का, काकी? शैलाच्या लग्नाला नाट लागावा म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि असं बोलल्याची मला आजही लाज वाटते.

"शैला माझ्या मांडीवर वाढलीया," त्या म्हणाल्या. "मला बोलायची सोय न्हाई, वसंता. मिरजेच्या दवाखान्यातनं आल्यावर ह्यांनी देवापुढं हात धरून शपथ घातलीया. पोटच्या पोराला सुदीक सांगायचं न्हाई म्हणून. म्हणून मी काही सांगत न्हाई. तूच बघ."

"काय बघू?"

"उद्या मांडवात अक्षता वाटताना तू त्यांच्या डाव्या बाजूला उभा ऱ्हा. हाक मारू नको, हात लावू नको. नुसतं ताट पुढं धर."

एवढं बोलून त्या शिंप्याकडे गेल्या. मी वायर गुंडाळत राहिलो आणि संध्याकाळी बघतो तर तीच वायर तीनदा गुंडाळली होती.

लग्न दुपारी बारा चाळीसचं होतं. तात्या अकरालाच हजर. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, आणि छातीवर तो बिल्ला. गाडी त्यांनी सकाळीच धुऊन आणली होती. नवऱ्याकडच्या पोरांनी तिला झेंडूच्या माळा बांधल्या. आईने जाऊन बोनेटवर हळदी-कुंकू लावलं आणि गाडीला नमस्कार केला.

भटजींनी अंतरपाट धरला. मी अक्षतांचं ताट घेऊन माणसांतून फिरत फिरत तात्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ते स्टेजकडे बघत होते. मी ताट त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर धरलं.

तात्या हलले नाहीत.

मी ताट थोडं खालीवर केलं. मागच्या बाईने माझ्याच ताटातून मूठ भरून घेतली. तिचा हात तात्यांच्या बाहीला जवळजवळ लागून गेला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. तात्यांनी समोर बघतच उजवीकडच्या माणसाला विचारलं, "अक्षता आल्या न्हाईत काय अजून?"

माझं ताट कललं आणि मूठभर अक्षता खाली सांडल्या. मी तसाच वळसा घालून त्यांच्या समोर आलो.

"हां, आलास काय," ते हसले. मोजून चिमूटभर अक्षता घेतल्या. "बघ, शैला कशी दिसतीया. कपाळावरचा मोतीसुदीक हितनं मोजता येतोय मला."

ते खोटं बोलत नव्हते. समोरचं त्यांना लख्ख दिसत होतं. फक्त कडेचं दिसत नव्हतं. काचबिंदू म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. कडेकडेने नजर खात येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. त्या क्षणी मला नाव ठाऊक नव्हतं, पण आंबोलीच्या घाटात डावीकडे काय असतं ते चांगलं ठाऊक होतं.

पंगती बसल्या. सहाला गाडी निघायची होती. घाटात पोचायला अंधार पडणार आणि मे असला तरी संध्याकाळी तिथे धुकं उतरतं. मी वाढायला उभा होतो, पण जिलेबी कुणाच्या पानात आणि भात कुणाच्या, याचं मला भान नव्हतं.

तात्यांना सांगावं? काय सांगणार? अठ्ठावीस वर्षांचा बिल्ला छातीवर लावून बसलेल्या माणसाला चारशे माणसांत सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही? आणि त्यांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं, तर काकींची शपथ गेली. आईला सांगावं, तर ती तिथेच रडत बसणार आणि गावभर होणार. काकी पाठराखीण म्हणून पुढे बसणारच होत्या. यापूर्वी त्या वाटभर "डावीकडं म्हस हाय, डावीकडं खड्डा हाय" असं बोलत गेल्या असणार. मागच्या खेपेला त्यांचंही धैर्य सुटलं असणार. आणि त्यांनी काढलेली एकच वाट माझ्या अकलेने मी कुलूप लावून बंद केली होती.

शेवटची पंगत बसली तेव्हा मी खिशात पक्कड घालून बाहेर गेलो.

गाडीजवळ कुणी नव्हतं. इग्निशनचा फ्यूज ओढून खिशात टाकला. एवढं पुरेसं नव्हतं. नुसती गाडी सुरू होईना म्हटलं तर पंधरा शहाणे जमतात आणि त्यातल्या एकाला फ्यूज कळतो. म्हणून बोनेट उघडलं, वायरीचा एक जुना तुकडा मेन स्विचजवळ ठेवला आणि काडी लावली. वायरीचं प्लॅस्टिक जळाल्याचा वास लांबपर्यंत जातो. चांगला धूर झाल्यावर ओरडलो.

सगळा मांडव गोळा झाला. माणसं उष्ट्या हातांनी धावत आली. मी जळका तुकडा पकडीत धरून सगळ्यांना दाखवला.

"तात्या, वायरिंग जळालं," मी म्हणालो. "चूक माझी. मेन स्विच बसवताना वायर नीट बांधली न्हाई मी. आता ही चालवली तर घाटात पेट घेईल."

तात्यांनी किल्ली लावून पाहिली. गाडी घरघरली, पेटली नाही. त्यांनी पुन्हा लावली. मग ते खाली उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू माझ्या वहीत सही केलीस," ते म्हणाले.

मी जळका तुकडा खाली टाकला.

"दोन दिवसांपूर्वी सही केलीस, वसंता. बहिणीच्या गाडीवर."

यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

शैला नवऱ्याच्या मामाच्या जीपमधून गेली. आईने पदर तोंडाला लावला होता तो जीप दिसेनाशी होईपर्यंत काढला नाही. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तुझा बाप असता तर असं झालं नसतं." दिवाळीपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तात्यांची गाडी आठ जणांनी ढकलत घरी नेली. तात्या स्टिअरिंगवर ताठ बसलेले, समोर बघत. झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या. मी मागून ढकलत होतो, काकी बाजूने चालत होत्या. फाटकातून आत वळताना तात्यांनी गाडी डावीकडे जरा जास्त घेतली, आणि डावा मडगार्ड दगडी खांबाला खर्रकन घासत गेला.

"अरे, हळू ढकला की," कुणीतरी म्हणालं. "ढकलाढकलीत गेली बघा बाजूला."

काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तात्या बराच वेळ गाडीतून उतरलेच नाहीत.

त्यानंतर तात्यांनी गाडी बाहेर काढली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वसंतानं वायरिंग जाळलं तिचं. आता कुठला मेकॅनिक तिला नीट करतोय?" हे त्यांनी एकदा नाही, शंभरदा सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, देवळात सांगितलं. माझी गिऱ्हाइकं तुटली. "वसंताकडं नेताय काय? बादलीभर पाणी संगं न्या," असं लोक म्हणायचे. दोन वर्षं मी जवळजवळ ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांना पाणी भरण्यावर काढली. मी कुणाला काही बोललो नाही. चिडायचो मात्र. वाटायचं, ह्या म्हाताऱ्याचा जीव वाचवला, माझ्या बहिणीचा वाचवला, आणि हा माझं नाव गावभर घाण करत फिरतोय. रस्त्यात भेटले तर ते सरळ समोर बघत निघून जायचे. त्यांना मी दिसलो नसेन, असंही मी कधीकधी स्वतःला समजवायचो.

तो फ्यूज मी टाकला नाही. दुकानात खिळ्यांच्या डबीत ठेवला. कधीतरी तात्या नसताना जाऊन बसवून टाकू, असं मनात होतं. ते झालंच नाही.

शैलाचा संसार चांगला चाललाय. जीपमधून गेली तरी काही बिघडलं नाही.

अकरा वर्षांनी तात्या गेले. शेवटची तीन वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर काकींनी निरोप पाठवला, की गाडीला गिऱ्हाईक आलंय, येऊन सुरू करून दे. मी चार्ज केलेली बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधली, आणि डबीतला फ्यूज शोधून खिशात टाकला.

शेड झाडलेली होती. कव्हर काढलं. पुढच्या बाजूला दोन गोल ठिगळं होती. बोनेट उघडलं तर आत धूळ नाही. बॅटरी बऱ्यापैकी नवी, टर्मिनलला व्हॅसलीन लावलेलं. बॅटरीवर गडहिंग्लजच्या दुकानाचा शिक्का होता. मी डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूजचं झाकण काढलं आणि खिशातला फ्यूज बसवायला गेलो.

जागा रिकामी नव्हती. तिथे फ्यूज होता.

मेन स्विचची किल्ली काकींनी आणून दिली. फिरवली, सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मी तसाच सीटवर बसून राहिलो.

"दर ऐतवारी सुरू करायचे," काकी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "पाच मिनिटं. मग बंद करून कव्हर घालायचे. नजर पार गेल्यावर सुदीक चाचपडत येऊन करायचे. बॅटरी उतरू द्यायची न्हाई म्हणायचे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं."

"मग मला का न्हाई सांगितलंत, काकी?"

"शपथ घातली," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी असताना हसल्या. "शपथा घालण्यात लई हुशार माणूस."

मी गाडी बंद केली. सवयीने पुढचा कप्पा उघडला. वही तिथेच होती. पानं पिवळी पडली होती, पण रूळ मारलेल्या रेघा सरळ. शेवटच्या लिहिलेल्या पानावर माझी मेन स्विचची सही होती, आणि तिच्याखाली आणखी एक नोंद. तारीख शैलाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची.

"काय लिवलंय?" काकींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं.

"फ्यूज काढलेला होता. बसवला. वायरिंग ठीक. गाडीत दोष नाही. डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासला. खांब दिसला नाही. ड्रायव्हर अनफिट. गाडी रूटवर सोडू नये."

काकी शेडच्या उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"खांब दिसला न्हाई म्हणून मला एकदा तरी म्हणायचं हुतं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी वाट बघितली. वहीला सांगितलं, मला न्हाई."

मी ती नोंद पुन्हा एकदा वाचली. ज्याने कधी बोनेटला हात लावला नाही, त्या माणसाने त्या दिवशी एकट्याने शेडमध्ये बसून फ्यूजचं झाकण उघडलं असणार. रिकामी जागा त्याला दिसली असणार, कारण ती समोर होती. ती रिकामी का आहे, हेही कळलं असणार. मग स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी त्याने बंद केली आणि गावाला सांगायला माझं नाव घेतलं. अकरा वर्षं मी त्याला माझा वैरी समजत होतो. माझी गिऱ्हाइकं त्याने घालवली हे खरं, पण स्वतःची अब्रू त्याने माझ्याकडे ठेव म्हणून ठेवली होती, हेही खरं.

नोंदीखाली तात्यांची सही होती, बिल्ला नंबरासकट. शेजारचा मेकॅनिकचा रकाना कोरा होता.

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या रकान्यात सही केली.